छपरावरचं ऊन, आषाढातली रात्र

पत्राचा सारांश: दापोली तालुक्यातल्या समुद्रकाठच्या एका गावातून एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं आहे. घरात त्या, त्यांचे यजमान आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंना फुफ्फुसांचा जुना आजार आहे. गेल्या वर्षापासून डॉक्टरांनी त्यांना रात्री ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देणारं, विजेवरचं मशीन) लावायला सांगितला आहे. पावसाळ्यात वीज जाते, कधी तासभर तर कधी रात्रभर. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा त्यांच्या वाडीत महिनाभर काळोख होता. आता सोलर बसवायचं ठरलं आहे आणि त्यासाठी तीन लाख रुपये बाजूला काढले आहेत. पुण्यातला मुलगा म्हणतो, ‘तीन किलोवॅटचं ऑन-ग्रिड घे. अठ्ठ्याहत्तर हजारांचं अनुदान मिळेल, बिल शून्य होईल आणि लाइट जायची कटकट संपेल.’ शेजारच्या घरातले धाकटे दीर म्हणतात, ‘तारच तोडून टाका वहिनी. आठ बॅटऱ्या लावा आणि स्वतंत्र व्हा.’ घर दोघा भावांचं सामाईक, त्यामुळे दिरांचं मन मोडून काही करायचं नाही. बाई विचारतात, ‘दोघांचंही पटतं आणि दोघांचीही भीती वाटते. नक्की कुठलं सोलर घेऊ?’

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्ही लिहिलंय, ‘लाइट गेली की मी आधी आईंच्या खोलीकडे धावते, मग मेणबत्ती शोधते.’ त्या मेणबत्तीबद्दल मला पुढे काही सांगायचंय, पण आधी तुमच्या धावण्याबद्दल. तुमचा मुलगा आणि तुमचे भाऊजी एकाच प्रश्नाची दोन उत्तरं देताहेत असं तुम्हाला वाटतंय, म्हणून त्यांतलं एक निवडायला तुम्ही बसला आहात. मला मात्र वाटतं की ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताहेत. मुलाच्या डोळ्यांसमोर बिल आहे, भाऊजींच्या डोळ्यांसमोर २०२० चा तो महिना. तुम्ही धावता ती बिलापायी नाही. म्हणून बिल आणि काळोख हे दोन हिशेब आधी वेगळे करू.

मुलाच्या बोलण्यातला एक गैरसमज मला लगेच दूर करायचाय, कारण तो फार घरांत आहे आणि पैसे भरून झाल्यावरच लक्षात येतो. नुसतं ऑन-ग्रिड सोलर, म्हणजे वीज कंपनीच्या तारेला जोडलेलं, बॅटरी नसलेलं सोलर, लाइट गेल्यावर चालत नाही. भर दुपारी बारा वाजता, छपरावर रणरणतं ऊन असतानाही चालत नाही. त्याचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा डबा, तारेतल्या विजेच्या तालावर चालतो. तारेतली वीज गेली की त्यानं दोन सेकंदांच्या आत बंद व्हायचं, हा नियमच आहे. त्यामागचं कारण तुम्हाला कुणी सांगण्याची गरज नाही, वादळानंतर तुम्ही ते पाहिलेलं असेल. वायरमन खांबावर चढलेला असतो, खालून लाइन बंद केल्याची खात्री करून. अशा वेळी एखाद्या घराच्या छपरावरून त्याच तारेत वीज उतरली तर त्याचा जीव जाईल. तेव्हा तो इन्व्हर्टर बंद पडतो तो बिघाड नव्हे, ते त्याचं कर्तव्य आहे. पण आईंचं मशीन त्याच्यासोबत बंद पडतं, हेही तितकंच खरं.

आता बिलाचा हिशेब. तुम्ही बारा महिन्यांच्या बिलांचे फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. जुलै-ऑगस्टला तुमची एकशेवीसच्या आसपास युनिट होतात. मे महिन्यात नातवंडं येतात तेव्हा हाच आकडा २९० वर जातो. वर्षाची बेरीज केली तर २,०४० युनिट. आपल्याकडे एक किलोवॅटचे पॅनेल वर्षभराच्या सरासरीनं दिवसाला चार युनिटच्या आसपास देतात, म्हणजे वर्षाला चौदाशेच्या वर. तुमची वर्षाची गरज दीड किलोवॅटमध्ये भागते. तीन किलोवॅट वर्षाला चार हजारांवर युनिट देईल, तुम्हाला लागतात त्याच्या दुपटीहून जास्त.

मग जास्तीच्या युनिटांचं काय होतं? दुपारी तुमच्याकडे खप कमी असतो, तेव्हा वीज नेट मीटरमधून, म्हणजे जाणारी आणि येणारी दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरमधून, बाहेर जाते. रात्री तुम्ही ती परत घेता आणि दोहोंची वजावट होते. उरलेली युनिट पुढच्या महिन्यात जमा राहतात. पण ३१ मार्चला वर्षाचा हिशेब बंद होतो आणि तेव्हा शिल्लक राहिलेल्या युनिटांना तुम्ही भरता त्यापेक्षा बराच कमी दर मिळतो. शिवाय बिलातला स्थिर आकार युनिट शून्य झाली तरी भरावा लागतोच. म्हणून ‘बिल शून्य’ हा शब्द मनातून काढून टाका. बिल नाममात्र येईल, ते पुरेसं आहे.

अनुदानाचं गणितही नीट पाहा. प्रधानमंत्री सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. तिच्यात पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० रुपये, आणि पुढे कितीही वाढवलं तरी ७८,००० वर थांबतं. म्हणजे सरकारचा हात पहिल्या दोन किलोवॅटना मोठा आहे, तिसऱ्याला आखडता. केवळ पूर्ण अनुदान मिळतंय म्हणून तिसरा किलोवॅट घेणं म्हणजे सूट आहे म्हणून नको असलेली साडी घेणं. (तिसऱ्या किलोवॅटकडे मी परत येणार आहे. मुलावर लगेच रागावू नका.)

आता काळोखाचा हिशेब. हा रुपयांत करता येत नाही, तासांत आणि युनिटांत करावा लागतो. तुम्ही लिहिलंय, ‘लाइट खूप जाते.’ खूप म्हणजे किती? आजपासून भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर त्या त्या तारखेच्या चौकोनात लिहायला लागा: कधी गेली, कधी आली. गेल्या पावसाळ्याचं आठवत असेल तेवढं यजमानांबरोबर बसून वेगळ्या कागदावर उतरवा. सगळ्यात लांबलेली रात्र कुठली होती, तेही लिहा. बॅटरी घ्यायची ती त्या रात्रीच्या मापानं.

त्या रात्री घरात काय काय चालू असायलाच हवं? आईंचं मशीन. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॅट घेतो. नेमका आकडा मशीनच्या मागच्या पट्टीवर असतो, तो वाचून घ्या. आठ तासांचे झाले २.८ युनिट. दोन पंखे: साधा पंखा ७५ वॅटचा, पण नवे बीएलडीसी पंखे तीस-पस्तीस वॅटमध्ये तेवढाच वारा देतात. ते बदलून घेतलेत तर दोन पंख्यांचं रात्रभराचं अर्ध्या युनिटात भागतं. एलईडी दिवे, फोन, वायफायचा डबा मिळून पाव युनिटाच्या थोडं वर. फ्रिज रात्रभरात अर्धं युनिट. बेरीज चारच्या थोडी वर जाते. हा आकडा माझा नाही, तुमच्या घराचा आहे. बॅटरीचं सगळं बोलणं इथून सुरू व्हायला हवं. ‘आठ बॅटऱ्या’ इथून नाही.

भाऊजी म्हणतात त्या १५० एएचच्या (अँपिअर-अवर, बॅटरीच्या साठ्याचं माप) ट्युब्युलर, म्हणजे शिशाच्या, बॅटऱ्या असणार. बारा व्होल्ट गुणिले दीडशे, म्हणजे एकीत १.८ युनिट. पण शिशाची बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते, रोज तळ गाठला तर ती लवकर मरते. निम्मी वापरावी, म्हणजे हाती एकीतून पाऊण-एक युनिट. आठांचे सहा-सात. तुमच्या दीड रात्री निघतील, यात भाऊजींचा अंदाज चुकलेला नाही. पण दर दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर भरायचं, टर्मिनलवर साचणारी ती पांढरी-हिरवी भुकटी साफ करायची, आणि चार-पाच वर्षांनी आठच्या आठ बदलायच्या. तुम्ही त्रेसष्ट वर्षांच्या आहात, यजमान सत्तरीला टेकलेत. हे कोण करणार, हा प्रश्न भाऊजींना प्रेमानं विचारा.

लिथियमची, त्यातही लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी महाग पडते, पण ती ऐंशी-नव्वद टक्के वापरता येते, पाणी मागत नाही आणि हजारो वेळा भरून रिकामी होऊ शकते. बाजारात ५१.२ व्होल्ट, १०० एएचचा एक डबा सहज मिळतो, ५.१२ युनिटचा. त्यातले नव्वद टक्के धरा, इन्व्हर्टरमध्ये थोडी गळती धरा, तरी चारच्या वर युनिट हाती येतात. तुमची एक रात्र. त्या एका डब्यात तुमची सगळ्यात लांब रात्र मावते का, ते दिनदर्शिका सांगेल.

आता तार तोडण्याबद्दल. भाऊजींचा राग मला कळतो. महिनाभर अंधारात बसलेल्या माणसाला तारेवर विश्वास ठेवा असं सांगायला तोंड उघडत नाही. पण कोकणातली एक अडचण त्यांच्यासमोर मांडा. आपल्याकडे वीज जाते कधी? ज्येष्ठाच्या शेवटापासून आश्विनापर्यंत. आणि ऊन नसतं कधी? नेमकं तेव्हाच. ढगाळ दिवशी एका किलोवॅटमधून दीड-दोन युनिट निघतात. संततधार लागली की एखादं. तार तोडून आषाढ काढायचा असेल तर छप्पर भरून पॅनेल लावावे लागतील, आणि तेच पॅनेल मार्चमध्ये सकाळी अकराला बॅटऱ्या भरल्या की उरलेला दिवस रिकामे तापत बसतील. ती वीज ना तुम्हाला, ना शेजाऱ्याला. तार जोडलेली असेल तर पावसाळ्यात लाइट असते त्या तासांत बॅटरी तारेवरूनही भरून घेता येते. शिवाय तारेशी न जोडलेल्या संचाला सूर्यघरचं अनुदान नाही. साताऱ्यातल्या पाटण तालुक्यात मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं, पण तिथल्या घरांनीही तार तोडलेली नाही. स्वतंत्र होण्यासाठी तार तोडावीच लागते असं नाही, हे भाऊजींना तिथल्या उदाहरणावरून सांगता येईल.

म्हणून तुमच्या घरासाठी मी हायब्रिड सुचवते. तारेला जोडलेला, नेट मीटर असलेला, आणि बॅटरीही सांभाळणारा इन्व्हर्टर. अनुदान पॅनेलच्या किलोवॅटवर मिळतं. बॅटरीचा खर्च मात्र पूर्ण तुमचा.

आणि इथे मी तिसऱ्या किलोवॅटकडे परत येते. बिलाच्या हिशेबानं तुम्हाला दोन किलोवॅट भरपूर आहेत. पण २०२० सारखी वेळ आली, तार आठवडा-दोन आठवडे मुकी झाली, तर रोज रात्री रिकामी झालेली बॅटरी दुसऱ्या दिवशी ढगांतून गाळून आलेल्या उजेडावर भरायची आहे. दोन किलोवॅट अशा दिवशी तीन-चार युनिट देतील, म्हणजे थोडं कमीच. तीन किलोवॅट साडेचार ते सहा देतील. तुमची रात्र चारची आहे. मुलानं आकडा बरोबर सांगितला होता, कारण वेगळं निघालं. मागच्या पडवीचा स्लॅब चारशे चौरस फुटांचा आहे म्हणता. किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट धरतात, म्हणजे जागेची अडचण नाही. मी तुमच्या जागी असते तर तीनच घेतले असते.

पैशांत ओढाताण होईल. अनुदान संच चालू झाल्यावर खात्यात येतं, आधी सगळी रक्कम तुम्हालाच भरायची आहे. कोटेशन मागताना पॅनेल आणि स्ट्रक्चर (पॅनेल उभे करायचा सांगाडा), इन्व्हर्टर, बॅटरी असे तीन आकडे वेगळे लिहून मागा. ‘सगळं मिळून इतके’ असा एकच आकडा देणाऱ्याला परत पाठवा. तीन लाखांत बसलं नाही तर पॅनेल दोन किलोवॅटचे करा. बॅटरी कमी करू नका आणि स्ट्रक्चरमध्ये तर एक रुपयाही वाचवू नका. निसर्गच्या वेळी वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेगानं वाहत होता. पातळ पट्ट्यांवर उभे केलेले पॅनेल अशा वाऱ्यात पतंगासारखे जातात. खारी हवा वेगळंच खाते. सांगाडा गरम झिंकमध्ये बुडवून काढलेल्या लोखंडाचा हवा, नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे, आणि स्लॅबमध्ये काँक्रीटचे ठोकळे भरून पक्का केलेला. कौलांवर बसवू देऊ नका, कितीही सांगितलं तरी.

बसवणारा माणूस काम झालं म्हणेल तेव्हा त्याला एक गोष्ट करून दाखवायला सांगा, आणि ती पाहिल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. उन्हाच्या वेळी मेन स्विच खाली पाडायचा. आईंचं मशीन एकदाही न अडखळता चालू राहिलं पाहिजे. मग इन्व्हर्टरच्या छोट्या पडद्यासमोर दहा मिनिटं उभ्या राहा. बॅटरीचे टक्के वाढताहेत का पाहा. वाढत असतील तर तुम्हाला खरोखर हायब्रिड मिळालं. टक्के नुसतेच उतरत असतील तर पॅनेल बंद पडलेत आणि तुम्हाला ऑन-ग्रिड सोलर आणि साधा घरगुती इन्व्हर्टर एकत्र बांधून दिलाय. तशी जोडणी वाईट नसते. शहरात तीन तासांच्या भारनियमनाला ती स्वस्तात पुरते. पण वादळानंतरच्या दुसऱ्या रात्री ती तुमच्या कामाची नाही.

घरातल्या वायरिंगमध्येही थोडं काम निघेल. बॅटरीवर चालणारी लाइन वेगळी काढून घ्या: आईंची खोली, स्वयंपाकघरातला एक दिवा आणि फ्रिज, ओटीवरचा दिवा. गिझर, इस्त्री, मिक्सर त्या लाइनवर नकोत. विहिरीचा पंपही नको. एक हॉर्सपॉवरचा पंप चालताना पाऊण-एक किलोवॅटच घेतो, पण सुरू होताना क्षणभर पाच-सहापट करंट ओढतो, आणि त्या एका झटक्यानं इन्व्हर्टर बंद पडला तर मशीनही बंद. वादळाचा इशारा आला की टाकी आधी भरून ठेवायची, ही तुमची जुनी सवय तशीच राहू द्या. इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये बॅटरी किती टक्के राखून ठेवायची ते ठरवता येतं. जून ते ऑक्टोबर ती जवळजवळ भरलेलीच राहू द्या, लाइट जाईल तेव्हाच वापरायची. हे सेटिंग कसं बदलायचं ते यजमानांना आणि तुम्हाला, दोघांनाही यायला हवं. मुलगा पुण्याहून फोनवर सांगेल यावर राहू नका. वादळात टॉवरही बंद असतात.

बॅटरी ठेवायची जागा उंच हवी. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला पूर आला तेव्हा माझ्या मावशीच्या घरी इन्व्हर्टर जिन्याखाली फरशीवर होता. सगळ्यात आधी तोच पाण्याखाली गेला. घरातली माणसं वरच्या मजल्यावर दोन रात्री मोबाइलच्या उजेडात बसून होती. पाणी ओसरल्यावर मी गेले तेव्हा दोन्ही बॅटऱ्या गुडघाभर चिखलात आडव्या पडलेल्या पाहिल्या. नव्या घेतल्या तेव्हा मावशीनं गवंड्याकडून भिंतीत चार फुटांवर चिऱ्याचा कट्टा बांधून घेतला. तुमचं घर उंचावर असेलही, पण कट्टा बांधा.

आता आईंच्या मशीनबद्दल, आणि हे मी सगळ्यात कळकळीनं लिहितेय. बॅटरी, इन्व्हर्टर, पॅनेल यांतलं काहीही बंद पडू शकतं. म्हणून भरलेला ऑक्सिजन सिलिंडर, त्याला बसणारा रेग्युलेटर आणि नळी घरात असायलाच हवी. सोलर आलं म्हणून सिलिंडर परत करू नका. मशीन बंद पडलं तर किती लिटरवर सिलिंडर लावायचा आणि कधी दवाखाना गाठायचा, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद आईंच्या पलंगाशेजारी लावा. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच, म्हणजे तारेतल्या विजेसारखीच सुरळीत वीज देणारा घ्या, हलक्या प्रतीच्या इन्व्हर्टरवर अशी मशीनं तापतात, बिघडतात.

आणि ती मेणबत्ती. ताई, ज्या खोलीत ऑक्सिजन चालू आहे तिथे मेणबत्ती, निरांजन, उदबत्ती, कासवछाप काहीच पेटवू नका. दुसऱ्या खोलीत पेटवलंत तरी निदान दहा फूट लांब ठेवा. ऑक्सिजन अंथरुणात, कपड्यांत मुरतो आणि एका ठिणगीनं भडका उडतो. काळोखात घाबरलेलं माणूस पहिली गोष्ट करतं ती काडी ओढण्याची. आजच बाजारातून चार्जिंगचे दोन दिवे आणा, एक आईंच्या दाराच्या आत खिळ्याला टांगा, दुसरा तुमच्या उशाशी. सोलर बसेल तेव्हा बसेल, हे काम तीनचारशे रुपयांत आज रात्रीपर्यंत होऊन जाईल.

असाच प्रश्न घेऊन बरीच पत्रं येतात, म्हणून इतरांसाठीही थोडं. पुण्या-मुंबईत, जिथे लाइट महिन्यातून एखाद-दोनदा तासाभरासाठी जाते, तिथे नुसतं ऑन-ग्रिड घ्या आणि वायफाय-पंख्यापुरता छोटा इन्व्हर्टर वेगळा ठेवा. मोठ्या बॅटरीवर रोज घर चालवायचा मोह तिथे अनेकांना होतो. तो हिशेब करून पाहावा. समजा बॅटरी लाखाची आहे, रोज चार युनिट देते आणि चार हजार वेळा भरते. आयुष्यभरात ती सोळा हजार युनिट देईल, म्हणजे पॅनेलचा खर्च सोडून नुसतं साठवण्याचेच युनिटमागे सव्वासहा रुपये झाले. नेट मीटर तेच काम जवळजवळ फुकट करतो. सोसायट्यांना सामाईक लिफ्ट, पंप, जिन्यांसाठी याच योजनेत किलोवॅटला १८,००० रुपये मिळतात. आणि एखादा पाडा किंवा रानातलं घर, जिथे तार पोचलेलीच नाही, तिथे मात्र भाऊजींचं उत्तर बरोबर आहे: पॅनेल आणि बॅटरी, दुसरं काही नाही. ज्यांचा वापर महिन्याला शंभर युनिटच्या आत आहे त्यांनी घाई करू नये. पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी असतो, त्यामुळे संचाचे पैसे वसूल व्हायला फार वर्षं जातात.

ताई, तुमच्या पत्रात बिलांच्या फोटोंवर एक गोष्ट दिसली जिचा तुम्ही उल्लेख केलेला नाही. मीटर अजून तुमच्या सासऱ्यांच्या नावावर आहे. ते जाऊन बारा वर्षं झाली असं तुम्हीच लिहिलंय. योजनेच्या अर्जात वीजबिलावरचं नाव, अर्जदाराचं नाव आणि बँक खात्याचं नाव जुळावं लागतं. तेव्हा सोलरवाल्याला फोन करण्याआधी नावबदलाचा अर्ज करा. मृत्यूचा दाखला, घराचे कागद आणि भाऊजींचं संमतिपत्र, एवढ्यावर ते काम पुढे सरकतं. दहा किलोवॅटपर्यंतच्या घरगुती संचांना आता वीज कंपनीकडून वेगळी तांत्रिक तपासणी लागत नाही, २०२४ च्या नियमबदलानं ती अट गेली. त्यामुळे वेळ जाईल तो नावातच. संक्रांत होऊन गेलीय, मृगाला साडेचार महिने आहेत. आत्ता सुरुवात केलीत तर पावसाआधी मेन स्विच पाडून पाहता येईल.

संमतिपत्राच्या निमित्तानं भाऊजींकडे जाल तेव्हा त्यांना मागच्या स्लॅबवर घेऊन जा. सकाळी नऊला एकदा, बाराला एकदा आणि दुपारी तीनला एकदा. हातात खडू असू द्या. या दिवसांत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेकडच्या झाडांची सावली वर्षातली जवळजवळ सगळ्यात लांब पडते. ती जिथपर्यंत येते तिथे रेघ मारा. एका पॅनेलवर माडाच्या झावळीची सावली पडली तर ओळीतल्या सगळ्या पॅनेलची वीज घटू शकते, म्हणून रेघेच्या आत काही बसवायचं नाही. तुम्ही लिहिलंय की तिथले दोन माड भाऊजींच्या हद्दीत आहेत. झावळ्या उतरवायच्या की पॅनेल सरकवायचे, हे त्या रेघांकडे बघत त्यांनाच ठरवू द्या.